पणजोबांचा पितळी डबा : घरातल्या खजिन्याच्या शोधातून रोजचं इंग्रजी

परळकरीण

माझी लेक मराठी माध्यमात पाचवीला आहे. ज्वालामुखी, ध्रुवीय अस्वल, सूर्यमाला यांची इंग्रजी नावं तिला तोंडपाठ आहेत. पण झाकण, कडी, बिजागरी, गाळणी, उशीचा अभ्रा यांना इंग्रजीत काय म्हणतात असं विचारलं की गप्प. पुतण्या इंग्रजी माध्यमातला, त्याचीही तीच गत. पुस्तकात हे शब्द फारसे येत नाहीत आणि घरात आपण मराठी बोलतो, मग ते कानावर पडणार कधी? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून आलं, तरी घरातलं इंग्रजी मुलांच्या वाट्याला आलं नाही ते नाहीच.

म्हणून गेल्या सुट्टीत परळच्या घरी आम्ही खजिन्याचा शोध मांडला. तो इतका रंगला की इथे सविस्तर लिहावंसं वाटलं. तुम्ही असं काही केलं असेल तर तेही वाचायचं आहे.

नुसत्या चिठ्ठ्या लपवल्या की मुलं धावतात आणि खाऊ सापडला की सगळं विसरतात. आधी गोष्ट हवी, आणि ती घरातलीच हवी, असं माझं ठाम मत आहे. माझे आजेसासरे गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. पितळी डबा घेऊन पाळीला जायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो डबा भरायची वेळ पुन्हा आली नाही. इथवर खरं. पुढचं मी रचलं : पणजोबांनी डबा घरातच लपवला आणि त्याचा माग चिठ्ठ्यांत लिहून ठेवला. चाळीत सगळ्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत, खात्यातल्या फिटरकडून शिकून घेतलेल्या साध्या इंग्रजीत. हे मुलांना लगेच पटलं, कारण गिरणीच्या बोलण्यात इंग्रजी होतंच. बॉबिन, स्पिंडल, जॉबर, शिफ्ट, पास हे शब्द सासूबाई आजही सहज वापरतात. त्यांची शाळा सातवीत सुटली होती.

चिठ्ठ्या लिहिताना एकच नियम पाळला. प्रत्येक चिठ्ठीत एकच नवा शब्द, आणि तो असा की कळल्याशिवाय पाऊल पुढे पडूच नये. बाकीचे शब्द ओळखीचे. (चिठ्ठ्यांवर अर्थातच रोमन लिपी होती, इथे देवनागरीत लिहिते.)

पहिली सोपी होती : ‘लुक बिहाइंड द मिरर.’ दुसरी मला स्वतःला फार आवडते : ‘टर्न ऑफ द फॅन. वेट. नाऊ लुक अप.’ चिठ्ठी पंख्याच्या पात्याला चिकटवलेली. पंखा फिरत असेतोवर ती दिसत नाही, थांबला की दिसते. आपली मुलं ‘क्लोज द फॅन’ म्हणतात, कारण मराठीत आपण पंखा ‘बंद’ करतो आणि दारही ‘बंद’ करतो. त्या दिवसापासून पुतण्या ‘टर्न ऑफ’च म्हणतो. चिठ्ठी दिराने स्टूलवर चढून काढली, मुलांना चढू दिलं नाही. बटण भिंतीवरून बंद करून त्याच्याजवळ एक मोठं माणूस उभं होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तिसऱ्या चिठ्ठीने : ‘बिटवीन द टू रेड बुक्स.’ मुलांनी दोन्ही लाल पुस्तकं उघडून पान न् पान झटकलं. चिठ्ठी पुस्तकांत नव्हतीच, दोन पुस्तकांच्या फटीत उभी होती. आपण मराठीत दोन्हीला ‘मध्ये’ म्हणतो, तेव्हा इथे मुलं अडणारच. कुणी काही समजावलं नाही. लेकीने दोन्ही पुस्तकं परत जागेवर ठेवली, मधे बोट घातलं आणि ओरडली.

चौथी चिठ्ठी आजीशिवाय सुटू नये अशी लिहिली होती : ‘आस्क आजी. ऑन विच पेग डिड ही हँग हिज कॅप?’ मुलांना पेग म्हणजे काय ते माहीत नाही, सासूबाईंना इंग्रजी येत नाही. मुलांनी ‘हँग’ आणि ‘कॅप’ हातवारे करून दाखवलं, आणि सासूबाई म्हणाल्या, “खुंटी गं! दारामागची, वरून दुसरी.” मग पाच मिनिटं टोपीच्याच गोष्टी. कुणी घाई केली नाही, कारण मला शोधातून हेच हवं होतं. शब्द मुलांचा, आठवण आजीची, दोन्ही जुळल्याशिवाय पुढचा पत्ता नाही.

त्यापुढे मोरीतल्या बादलीचा कान, पिठाच्या डब्याचं झाकण, खिडकीचे गज, असं करत करत शेवटी माळ्यावर, गोधडीखालच्या ट्रंकेत डबा. आत नारळाच्या वड्या आणि आजेसासऱ्यांचा फोटो.

मुलुंडवासी

वाचनखूण साठवली. दोन शंका. मुलांनी मोबाइलवर अर्थ शोधला तर? आणि शब्द अजिबातच अडला तर मोठ्यांनी सांगायचा का?

परळकरीण

मोबाइल सगळ्यांचे, मोठ्यांचेसुद्धा, सुरुवातीला टोपलीत. अडल्यावर मराठी अर्थ सांगायचा नाही, पण करून दाखवायला हरकत नाही. ‘हिंज’ अडला तेव्हा सासरे उठले, कपाटाचं दार उघडलं, मिटलं, परत उघडलं आणि बिजागरीकडे बघत राहिले. बस. हा शब्द आमच्या घरात कुणी विसरणार नाही.

फळा आणि खडू

धागा वाचून फार आनंद झाला. मी मुंबईतल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

तुम्ही जे सहज केलंत त्याला भाषाशिक्षणात जुना आधार आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली : शिक्षकाने सूचना द्यायची, विद्यार्थ्याने ती ऐकून अंगाने करायची. ऊठ, दाराकडे जा, खिडकी उघड, पुस्तक टेबलाखाली ठेव. बोलायची सक्ती नाही. त्यांचं म्हणणं असं की तान्हं मूलही आधी कितीतरी दिवस ऐकतं, हुकमाप्रमाणे वळतं, हात पुढे करतं, आणि बोलणं मागाहून येतं. परभाषाही त्याच वाटेने येऊ द्यावी. खजिन्याच्या शोधात नेमकं हेच होतं. मुलाने चिठ्ठीचा अर्थ तोंडाने सांगायची गरजच नसते. ते बरोबर जागी गेलं की आपल्याला कळतं, कळलं म्हणून.

घरगुती शब्द पुस्तकात का नसतात यालाही कारण आहे. पाठ्यपुस्तकांमागे बहुधा शब्दांच्या याद्या असतात. त्यांतली फार गाजलेली यादी मायकेल वेस्ट यांची, सुमारे २००० शब्दांची, १९५३ साली छापलेली. हे वेस्ट त्याआधी ढाक्याला होते आणि बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं यावर त्यांनी काम केलं होतं. अशा याद्या मुख्यतः छापील मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो यावर उभ्या असतात. गाळणी आणि चिमटा छापील मजकुरात येऊन येऊन किती येणार? त्या शब्दांची जागा स्वयंपाकघर. ते घरीच शिकायला हवेत, शाळेवर सोडून चालणार नाही.

आता वर्गातला अनुभव. वस्तूंची नावं मुलं पटकन उचलतात. खरी अडचण ‘मध्ये’सारख्या छोट्या शब्दांची. ‘वर’ तसाच. फ्रिजवर ठेवलेला डबा ‘ऑन द फ्रिज’, पण फ्रिजच्या वरच्या भिंतीवरचं कॅलेंडर ‘अबव्ह द फ्रिज’. फळ्यावर चित्रं काढून मी हे पुष्कळदा शिकवलं आहे आणि परीक्षेत मुलं पुन्हा ‘ऑन’च लिहितात. मग वर्गात दोन चिठ्ठ्या लपवल्या, एक कपाटावर आणि एक कपाटाच्या वरच्या भिंतीला. अर्ध्या वर्गाला ‘ऑन’ची सूचना, अर्ध्याला ‘अबव्ह’ची. दोन्ही गट एकाच कपाटाकडे धावले आणि वेगवेगळ्या जागी बघू लागले. हा फरक पायांनी चालून कळला.

एक विनंती सगळ्या पालकांना. शोध चालू असताना उच्चार सुधारू नका. ‘शीट’ आणि ‘शिट’मध्ये ऱ्हस्वदीर्घाचा गोंधळ होतो, हे खरं, आणि तो गोंधळ बरा दिसत नाही, हेही खरं. पण मूल धावत असताना थांबवून दुरुस्ती केली की पुढची चिठ्ठी ते मोठ्याने वाचतच नाही. संध्याकाळी तुम्ही स्वतः तोच शब्द नीट उच्चारून दोनदा वापरा, पुरे.

गच्चीवरची

+१. फक्त एक विचारते, एका खोलीत हे जमेल का? सगळ्यांकडे परळच्या घरासारखा माळा नसतो.

बीडीडीकर

जमेल, आणि उलट चांगलं जमेल. मी बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलो. मोठ्या घरात चिठ्ठी ‘बेडरूममध्ये’ असते, म्हणजे कुठेही असू शकते. एका खोलीत प्रत्येक वस्तू दुसरीच्या खाली, मागे, आत, शेजारी, टेकून किंवा लटकून असते. कॉटखाली ट्रंक, ट्रंकेवर गाद्या, गाद्यांमागे पाट, पाटाला टेकलेली चटई. ‘बिहाइंड द फोल्डेड मॅट, नेक्स्ट टू द रोलिंग पिन’ असं लिहिलं की दोन हातांच्या जागेतही मुलाला अगदी नेमकं बघावं लागतं. आणि खोली कमी पडली तर बाहेर सामाईक गॅलरी आहे, जिना आहे, नळ आहे. फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी एक चिठ्ठी स्वतःकडेच ठेवून घेतली आणि ‘प्लीज’ म्हटल्याशिवाय देईनात. मुलांना तो भाग सगळ्यांत आवडला.

अभिजात

विरोधासाठी विरोध नाही, पण मनातलं लिहितो. आधीच मुलांच्या तोंडून मराठी शब्द गळत चाललेत. आमच्या इमारतीतल्या मुलांना फडताळ, कोनाडा, उंबरठा, परात, पळी यांतलं काहीच माहीत नाही. घर ही मराठीची शेवटची जागा उरली होती. तिथेही आपण हौसेने इंग्रजी नेऊन ठेवायचं?

परळकरीण

तुमची काळजी माझीही आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. गोष्ट मी मराठीतच सांगितली. डबा कसा होता, भोंगा झाला की चाळ कशी जागी व्हायची, साचेखात्यात आवाज किती, हे सगळं मराठीत. इंग्रजी फक्त चिठ्ठीत.

आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः उलटा शोध मांडला. चिठ्ठ्या मराठी, शब्द त्यांचे : ‘उंबरठ्याच्या उजव्या अंगाला बघा’, ‘उलथण्याच्या शेजारी’, ‘पाटाच्या पायाशी’, ‘खलबत्त्याच्या पोटात’. आता पुतण्या अडला आणि लेक पुढे. आदल्या दिवशी तिला जे वाटलं असेल ते त्याला वाटलं. खरं सांगायचं तर हा दुसरा दिवस मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाला उलथणं आणि झारा यांतला फरक हातात घेऊन कळला आहे, त्याला त्यांची इंग्रजी नावं शिकवणं सोपं जातं. ज्याला वस्तूच माहीत नाही त्याने शब्द कशाला चिकटवायचा?

अभिजात

उलटा शोध आवडला. हा आम्ही करणार. मला वाटतं इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी तर आधी हाच करावा.

वेसावकर

आमच्या कोळीवाड्यात केलेलं लिहितो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरोघरी जाळी दुरुस्त होत असतात. मोठी माणसं घरी, मुलं कंटाळलेली. ही वेळ साधली.

आमच्या पोरांना माशांची नावं दोन्ही भाषांत माहीत, कारण गिऱ्हाईक तसं येतं. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, चिंबोरी, सगळ्यांची इंग्रजी नावं आया बाजारात बसून शिकल्या आणि पोरांना आयतीच मिळाली. पण होडीच्या वस्तूंची इंग्रजी नावं कुणालाच येत नव्हती. म्हणून शोध होडीभोवती. नांगराला अँकर, वल्ह्याला ओअर, सुकाणूला रडर, शिडाला सेल, गाठीला नॉट. शेवटची चिठ्ठी दोराच्या गाठीत गुंडाळली आणि सूचना लिहिली : ‘डू नॉट कट. अनटाय द नॉट.’ ‘नॉट’ दोनदा, उच्चार एकच आणि स्पेलिंग वेगळं. पोरं तिथे अडकली आणि मग हसत सुटली. गाठ मात्र माझ्या वडिलांनी मारलेली होती, ती कुणालाच सुटेना. त्यांनाच बोलवावं लागलं, आणि त्यांनी प्रत्येकाला ती गाठ मारायला आणि सोडायला शिकवली. दुपार तिथेच गेली. खजिना बाजूला राहिला तरी चालेल अशी ती दुपार होती.

एक सुचवतो. ज्याचं काम जे असेल त्यातलं इंग्रजी घ्या. शिंप्याच्या घरात सुई, दोरा, काज, बटण, अंगुस्तान. सुताराच्या घरात करवत, रंधा, पटाशी. मुलाला घरातल्या माणसाचं काम कळतं, शब्द त्याच्या सोबतीने येतो.

गच्चीवरची

वेसावकर, काय सुंदर लिहिलंत. माझे बाबा शिंपीकाम करायचे. करणार हे.

कल्याणस्लो

घराबाहेरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रविवारी मुलांना घेऊन लोकलने मुंबईला जातो तेव्हा अर्धा शोध गाडीतच होतो. डब्यात आणि फलाटावर किती इंग्रजी लिहिलेलं असतं हे रोज जाणाऱ्याला दिसतच नाही. इंडिकेटर, लगेज, धोक्याची साखळी कशी ओढायची ती सूचना. मुलांना वहीत शब्द टिपायला सांगितलं होतं. फूटबोर्ड आणि प्लॅटफॉर्म यांच्यातल्या फटीकडे लक्ष द्या, ही घोषणा लागली तेव्हा मोठ्या मुलाने ‘गॅप’ टिपला, आणि धाकटी म्हणाली, “बिटवीन पण लिही.” वर परळकरीणताईंनी दोन लाल पुस्तकांचं लिहिलंय ना, तोच शब्द. गाडीत मी एकच अट घालतो : बसून किंवा हात धरून उभं राहूनच शोधायचं, दाराशी जायचं नाही.

सीएसएमटीला उतरलो की खरी मजा. इमारत १८८८ साली पूर्ण झाली, २००४मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, हे मुलांना मागाहून सांगायचं. आधी चिठ्ठी : ‘अ लायन अँड अ टायगर गार्ड द गेट. विच वन हॅज अ मेन?’ फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ आहे. ‘मेन’ म्हणजे आयाळ, हे सिंहाकडे बघितलं की विचारावं लागत नाही. तिथून चालत एशियाटिकच्या टाउन हॉलपाशी : ‘काउंट द स्टेप्स.’ त्या ३० पायऱ्या मुलं मोजतच चढली, इंग्रजीत, आणि धाकटी पंधराच्या पुढे अडखळली तेव्हा थोरल्याने साथ दिली. तेरा आणि तीस, पंधरा आणि पन्नास यांचे इंग्रजी उच्चार तिला सारखे ऐकू येतात, ते तिथे पायरी-पायरीने सुटले.

राणीबागवाली

कल्याणस्लो, तुमच्या वाटेला माझी वाट जोडते. आमचा शोध काळ्या घोड्यापासून सुरू होतो आणि राणीच्या बागेत संपतो.

काळ्या घोड्याच्या चौकात २०१७ साली बसवलेला घोडा आहे, त्याच्या पाठीवर कुणी नाही. चिठ्ठी : ‘धिस हॉर्स हॅज नो रायडर. फाइंड द वन विथ अ रायडर.’ मूळ पुतळा घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा. तो १९६५मध्ये हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. म्हणजे ‘रायडर’ शोधायला बसने भायखळ्यापर्यंत जायचं. ‘विथ’ आणि ‘विदाउट’ हे दोन शब्द त्या एका प्रवासात पक्के झाले.

बागेत पोचल्यावर माझी आवडती चिठ्ठी : ‘गो टू द ट्रंक.’ एवढंच. आमच्या घरात ट्रंक म्हणजे आजीची लोखंडी पेटी. मुलं म्हणाली, ती तर घरी आहे. मग भाच्याला आठवलं की झाडाच्या खोडालाही ट्रंक म्हणतात, आणि बागेत झाडं किती! सगळे खोडांभोवती फिरून आले. शेवटी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेरच्या दगडी हत्तीपाशी माझी भाची थांबली. सोंड! हा घारापुरीचा हत्ती. ह्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलेफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला तेव्हा तो उचलताना पडून फुटला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, हत्तीला काही चिकटवलं नाही. कुणीच चिकटवू नका. सार्वजनिक जागी चिठ्ठी मोठ्या माणसाने हातात ठेवावी आणि उत्तर आलं की द्यावी. जाणार असाल तर बाग बुधवारी बंद असते.

मुलुंडवासी

ट्रंकचा किस्सा अप्रतिम. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, वाचता येत नाही. त्याच्यासाठी काय करता येईल?

फळा आणि खडू

चिठ्ठीऐवजी आवाज. तुम्ही म्हणायचं, “ब्रिंग मी समथिंग सॉफ्ट.” तो उशी आणेल, मोजा आणेल, मांजर आणायला जाईल, सगळंच बरोबर. मग ‘समथिंग राउंड’, ‘समथिंग विथ अ हँडल’. त्या वयाला एक बरोबर उत्तर नसलेले प्रश्न चांगले. लहान भाऊ-बहीण मोठ्यांच्या शोधात असेल तर त्याच्या हातात वस्तूचं चित्र द्या, शब्द मोठ्याने वाचायचा, जागा धाकट्याने दाखवायची.

आणि सगळ्यांसाठी आणखी एक. आज भेटलेला शब्द त्याच आठवड्यात पुन्हा भेटला नाही तर निसटतो. मोठा शोध रोज होत नाही, व्हायलाही नको. पण रोज एक चिठ्ठी शाळेच्या डब्याच्या झाकणाखाली चालते. ‘युअर सॉक्स आर इन द लोअर ड्रॉवर’ एवढीसुद्धा.

परळकरीण

हे आम्ही करतोय! मोठ्या शोधातलेच शब्द फिरवून फिरवून आणते, नवे अगदी थोडे. आता लेकच माझ्यासाठी चिठ्ठ्या लिहिते. काल कामावरून आले तर चहाच्या डब्यावर होतं : ‘द स्ट्रेनर इज हँगिंग ऑन द पेग.’ गाळणी खरंच पणजोबांच्या टोपीच्या खुंटीला लटकत होती. लिहिणारं मूल वाचणाऱ्यापेक्षा जास्त शिकतं असं मला दिसतंय, कारण लपवायची जागा ठरवली की नेमका शब्द त्यालाच शोधावा लागतो. तेव्हा पहिला शोध तुम्ही मांडा, दुसरा मुलांना मांडू द्या.

बीडीडीकर

सहमत. आणि मुलांनी लपवलेलं मोठ्यांना सापडत नाही, त्यात त्यांना जो आनंद होतो तो वेगळाच.

माहीमचे आजोबा

सगळं वाचलं. नातवंडांसाठी मी कोडी लिहितो, थेट सूचना लिहीत नाही, त्यांतलं एक इथे ठेवतो. चिठ्ठी कुठे होती ओळखा :

‘समबडी मस्ट सिट ऑन मी, ऑर आय कॅनॉट वर्क. आय हॅव टीथ, बट आय नेव्हर बाइट. आय लव्ह कोकोनट.’

अभिजात

खुर्ची नाही. दात... कंगवा? पण कंगव्यावर बसणार कोण!

गच्चीवरची

विळी! विळीची खवणी!

राणीबागवाली

विळीच. पण आजोबा, मुलं पात्याजवळ हात घालतील हो.

माहीमचे आजोबा

बरोबर, विळी. पातं मिटवून वर फडकं बांधलं होतं आणि चिठ्ठी तिच्या पाटाच्या खालच्या बाजूला चिकटवली होती. उलटी करून द्यायला आजी शेजारीच बसली होती. तिने त्याआधी मुलांकडून ‘स्क्रेप’ हा शब्द म्हणवून घेतला आणि मगच विळी उलटी केली.

मुलुंडवासी

आजोबा, अजून कोडी टाका ना. रविवारी आमच्याकडे मावशीची मुलं येतायत.

माहीमचे आजोबा

उद्या सकाळी टाकतो. किसणी, माठ आणि मच्छरदाणीवरची तयार आहेत.